मुदत उलटल्यानंतरचे अपील : विलंब माफीच्या अर्जाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अपिलाची मुदत निघून गेली, म्हणजे हक्क संपला असे समजायचे का?

लगेच तसे समजू नये, पण हक्क शाबूत आहे असेही धरून चालू नये. मर्यादा अधिनियम, १९६३ च्या कलम ३ नुसार मुदतबाह्य दावा, अपील किंवा अर्ज न्यायालयाने फेटाळलाच पाहिजे. समोरच्या पक्षाने मुदतीचा मुद्दा काढला नसला तरीही. या कठोर नियमातून वाट काढून देणारी तरतूद कलम ५ मध्ये आहे. मुदतीत अपील दाखल न करण्यास ‘पुरेसे कारण’ होते, अशी अपिलार्थीने न्यायालयाची खात्री पटवली, तर न्यायालय विलंब माफ करून अपील दाखल करून घेऊ शकते. शब्द ‘शकते’ असा आहे. कारण सिद्ध झाले तरी माफी आपोआप मिळत नाही. ती न्यायालयाच्या विवेकाधिकारातील बाब राहते.

दोन अपवाद आधीच सांगतो, कारण त्यांची गल्लत नेहमी होते. कलम ५ मूळ दाव्याला लागू होत नाही, त्यामुळे तीन वर्षांच्या मुदतीचा वसुलीचा दावा एक दिवस उशिरा लावला तर या कलमाचा आधार मिळत नाही. तसेच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ (‘आदेश’ हे संहितेतील विभागाचे नाव) खालील, म्हणजे हुकूमनाम्याच्या (दाव्यातील निर्णयाच्या औपचारिक आदेशाच्या) अंमलबजावणीतील अर्जांनाही हे कलम लागू नाही.

मुदत नेमकी किती असते आणि ती मोजायची कशी?

दिवाणी हुकूमनाम्याविरुद्ध जिल्हा न्यायालयात अपील करायचे असेल तर ३० दिवस आणि उच्च न्यायालयात करायचे असेल तर ९० दिवस, हा सर्वसाधारण नियम आहे. मोजणीत मात्र जाणकारही चुकतात, म्हणून एक उदाहरण तारखांसह पाहू.

समजा, दिवाणी न्यायालयाने २ जून रोजी निकाल दिला. निकालाचा दिवस धरायचा नाही, म्हणून ३ जून हा पहिला दिवस आणि २ जुलै हा तिसावा. पक्षकाराने ९ जून रोजी निकालाच्या नकलेसाठी अर्ज केला आणि २४ जून रोजी नक्कल तयार झाली. नक्कल मिळवण्यास लागलेला काळ कलम १२ नुसार वगळला जातो. ९ ते २४ जून हे दोन्ही दिवस धरून सोळा दिवस होतात, म्हणून अपिलाची शेवटची तारीख १८ जुलै ठरते. त्या दिवशी न्यायालय बंद असेल तर कलम ४ नुसार ते उघडेल त्या दिवशी केलेले अपील मुदतीतले समजले जाते. आता हेच अपील २२ सप्टेंबरला दाखल केले, तर १९ जुलैपासून मोजून ६६ दिवसांचा विलंब होतो.

नक्कल २४ जूनला तयार असूनही पक्षकाराने ती १० जुलैला नेली, तर मधला काळ वगळला जात नाही. नकलेवर मागे अर्जाची तारीख, तयार झाल्याची तारीख आणि दिल्याची तारीख असे शेरे असतात. हिशेबाचा आधार ते शेरे आहेत, आपली आठवण नव्हे. मुदत संपल्यानंतर नकलेसाठी अर्ज केला तर त्या नकलेचे दिवस वजा करून मिळत नाहीत. नकलेचा अर्ज करण्यापूर्वी हुकूमनामा तयार करण्यास न्यायालयाला लागलेला वेळही वगळता येत नाही, असे कलम १२ च्या स्पष्टीकरणात म्हटले आहे. म्हणून हुकूमनामा अजून तयार झाला नाही एवढे ऐकून घरी परतू नये; नकलेचा अर्ज त्याच दिवशी देऊन ठेवावा.

विलंबाचे दिवस चुकीचे मोजले गेले, तर अर्जाची सुरुवातच संशयाने होते. प्रत्यक्षात ६६ दिवस असताना अर्जात ४० लिहिलेले असेल, तर उरलेल्या २६ दिवसांची माफी कोणी मागितलेलीच नसते.

अर्ज कोणत्या स्वरूपात करायचा?

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१ मध्ये १९७६ च्या दुरुस्तीने नियम ३-अ घालण्यात आला. त्यानुसार मुदतीनंतरच्या अपिलासोबत विलंब माफीचा अर्ज द्यावा लागतो आणि त्याला शपथपत्राची जोड लागते. अर्ज प्रथमदर्शनीच फेटाळण्याजोगा नसेल तर न्यायालय समोरच्या पक्षाला नोटीस काढते आणि अपिलाची सुनावणी पुढे नेण्यापूर्वी विलंबाचा प्रश्न कायमचा निकाली काढते. जुनी पद्धत अशी होती की विलंबाचा मुद्दा राखून ठेवून अपील दाखल करून घेतले जाई आणि वर्षानुवर्षांनी, अंतिम सुनावणीच्या वेळी, ते मुदतबाह्य असल्याचे उघड होई. तो घोळ थांबावा म्हणून हा नियम आला.

शपथपत्र ज्याला वस्तुस्थिती स्वतः माहीत आहे त्याने करावे. आजारी वडील होते आणि शपथपत्र गावाबाहेर राहणाऱ्या मुलाने केले, तर पहिला प्रश्न येतो तो, हे सगळे तुम्हाला कसे माहीत?

‘पुरेसे कारण’ म्हणजे काय? न्यायालय नेमके काय पाहते?

कायद्यात या शब्दांची व्याख्या नाही, आणि ती मुद्दामच केलेली नाही असे म्हणायला जागा आहे. कारण माणसांच्या अडचणी एका व्याख्येत बसत नाहीत. निवाड्यांमधून जे सूत्र हाती लागते ते असे : कारण पक्षकाराच्या आवाक्याबाहेरचे असावे, त्याच्यावर निष्काळजीपणाचा किंवा अप्रामाणिक हेतूचा ठपका येऊ नये, आणि त्या कारणाचा विलंबाशी थेट संबंध असावा. तिसरी गोष्ट अर्जदार हमखास विसरतात. घरात मृत्यू झाला हे खरे असते, पण तो मुदत सुरू होण्याच्या चार महिने आधी झालेला असतो. मग त्याचा अपिलाच्या उशिराशी संबंध काय, हे अर्जात कुठेच नसते.

उदार दृष्टिकोनाचा उगम म्हणून बहुतेक वकील कलेक्टर, भूसंपादन, अनंतनाग विरुद्ध कातिजी या १९८७ च्या निवाड्याकडे बोट दाखवतात. तिथे राज्य सरकारच्या अपिलाला चार दिवसांचा विलंब झाला होता. उशिरा अपील करून पक्षकाराचा सहसा काही फायदा होत नसतो, आणि विलंब माफ केल्याने फार तर प्रकरण गुणवत्तेवर ऐकले जाईल, असा सर्वोच्च न्यायालयाचा विचार होता. हा निवाडा अर्जात उद्धृत करणाऱ्यांनी ‘चार दिवस’ हा तपशीलही लक्षात ठेवलेला बरा. पाच वर्षांच्या विलंबाला तो निवाडा चिकटवला, तर आकड्यांतली ती विसंगती आधी नजरेत येते.

दुसऱ्या बाजूला न्यायालयाला हेही पाहावे लागते की मुदत संपली त्या दिवशी जिंकलेल्या पक्षाच्या हाती एक मौल्यवान हक्क आला. निकाल कायम झाला असे समजून त्याने घर बांधायला घेतले असेल, जमीन विकली असेल, कर्ज काढले असेल. रामलाल विरुद्ध रेवा कोलफिल्ड्स या १९६१ च्या निवाड्याने हा हक्क सहजासहजी हिरावून घेता येणार नाही असे सांगितले. पुढचे बहुतेक निवाडे या दोन टोकांमध्ये कुठेतरी उभे आहेत.

प्रत्येक दिवसाचे स्पष्टीकरण द्यावे लागते हे खरे आहे का?

आहे, पण शब्दशः नाही. कातिजीच्या निवाड्यात न्यायालयाने विचारले होते की मग प्रत्येक तासाचे, प्रत्येक सेकंदाचे स्पष्टीकरण का मागू नये? तत्त्व व्यवहाराला धरून लावायचे असते. रोजची डायरी कोणी मागत नाही. मात्र मोठी पोकळी चालत नाही.

अर्ज वाचताना न्यायाधीशांच्या मनात तारखांची एक रेघ तयार होत असते. मार्चमध्ये शस्त्रक्रिया, एप्रिलअखेर विश्रांती, मे महिन्यात वकिलांची भेट, आणि अपील थेट नोव्हेंबरमध्ये. जून ते ऑक्टोबर काय झाले? माझ्या अनुभवात अर्ज फेटाळले जाण्याचे सर्वांत सामान्य कारण खोटेपणा नसून ही पोकळी असते. रामलालच्या निवाड्यानुसार मुदतीच्या शेवटच्या दिवसापासून अपील दाखल होईपर्यंतचा काळ स्पष्ट करायचा असतो. तरी मुदत चालू असताना पक्षकार काय करत होता हेही न्यायालय विचारते, म्हणून अर्जाची कहाणी निकालाच्या दिवसापासूनच सांगितलेली चांगली.

किती दिवसांचा विलंब माफ होतो? काही कमाल मर्यादा आहे का?

कलम ५ मध्ये कमाल मर्यादा नाही. एन. बालकृष्णन विरुद्ध एम. कृष्णमूर्ती (१९९८) या प्रकरणात ८८३ दिवसांचा विलंब होता. वकिलांनी प्रकरणाची स्थिती कळवलीच नाही असे पक्षकाराचे म्हणणे होते, आणि ते निव्वळ म्हणणे राहिले नव्हते. त्याने त्या वकिलांविरुद्ध ग्राहक मंचाकडे जाऊन ५०,००० रुपये भरपाईचा आदेश मिळवला होता. सर्वोच्च न्यायालयाने विलंब माफीचा आदेश पुन्हा लागू केला आणि सांगितले की विलंबाची लांबी महत्त्वाची नाही, स्पष्टीकरण स्वीकारार्ह आहे की नाही हाच निकष आहे.

असे असले तरी लांबीचा परिणाम पुराव्याच्या अपेक्षेवर होतो. १० दिवसांसाठी साधे शपथपत्र पुरते, ८०० दिवसांसाठी कागद लागतात. ईशा भट्टाचार्जी प्रकरणातील २०१३ च्या निवाड्यात अल्प विलंब आणि अतिदीर्घ विलंब यांना वेगळ्या मापाने मोजावे, असे स्पष्ट केले आहे. पथपती सुब्बा रेड्डी प्रकरणात (२०२४) ५,६५९ दिवसांचा विलंब माफ करण्यास सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. अलीकडचा कल एकंदरीत कडक होत चालला आहे असे माझे मत आहे.

आजारपणाचे कारण दिले तर वैद्यकीय प्रमाणपत्र पुरेसे ठरते का?

एकटे प्रमाणपत्र बहुधा पुरत नाही. ‘अमुक ते अमुक तारखेपर्यंत सक्त विश्रांतीचा सल्ला’ असे एका ओळीचे आणि अपील दाखल करण्याच्या आदल्या दिवशी घेतलेले प्रमाणपत्र न्यायालयांनी इतक्या वेळा पाहिलेले असते की त्याचे वजन जवळजवळ संपले आहे. रुग्णालयात दाखल झाल्याचे आणि सोडल्याचे कागद, तपासण्यांचे अहवाल, औषधांची बिले यांनी त्याला बळ येते.

एका प्रकरणात अर्जदाराने पाठीच्या दुखण्यामुळे तीन महिने अंथरुणावर असल्याचे शपथेवर सांगितले होते. समोरच्या वकिलांनी काहीही वाद न घालता दुसऱ्या एका दाव्याच्या रोजनाम्याची (न्यायालयातील तारीखवार कामकाजाच्या नोंदीची) नक्कल हजर केली. त्याच तीन महिन्यांत अर्जदार तिथे दोनदा जातीने हजर होता. अर्ज तिथेच संपला. दुखणे कदाचित खरेही असेल, पण ‘अंथरुणावर’ हा शब्द खरा नव्हता. घरातल्या दुसऱ्या कोणी हे काम का केले नाही, या प्रश्नाचे उत्तरही तयार ठेवावे लागते.

चूक वकिलांची असेल तर?

वकिलाच्या चुकीची शिक्षा निर्दोष पक्षकाराला होऊ नये, हे तत्त्व रफिक विरुद्ध मुन्शीलाल (१९८१) या निवाड्यापासून रुजले आहे. तथापि आता न्यायालये पुढचा प्रश्न विचारतात : तुम्ही चौकशी केव्हा केली? वकीलपत्र देऊन तीन वर्षे फिरकलाच नाहीत, तर चूक एकट्या वकिलांची राहत नाही. आज प्रकरणाची पुढील तारीख आणि निकाल संकेतस्थळावर दिसतात, त्यामुळे ‘मला काही कळलेच नाही’ हे म्हणणे पूर्वीइतके सहज गळी उतरत नाही. पक्षकार निरक्षर असेल, दुर्गम भागातला असेल, तर न्यायालय ती परिस्थिती ध्यानात घेते. वकिलांना पाठवलेले संदेश, पत्रे, फी दिल्याच्या पावत्या जोडाव्यात. कोणताही कागद नसताना वकिलांवर सगळा दोष टाकणारा अर्ज मला स्वतःला धोक्याचा वाटतो, कारण तो खोटा ठरला तर विश्वासार्हता पूर्ण जाते.

निकालाची किंवा कायद्याचीच माहिती नव्हती, असे म्हणता येते का?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायदा माहीत नव्हता, ही सबब सहसा चालत नाही. मात्र मुदतीची गणना करताना उच्च न्यायालयाच्या एखाद्या आदेशामुळे, प्रथेमुळे किंवा निवाड्यामुळे दिशाभूल झाली असेल, तर ते पुरेसे कारण ठरू शकते, असे खुद्द कलम ५ च्या स्पष्टीकरणात आहे. निकालाची माहिती नसणे हे मात्र वस्तुस्थितीचे कारण आहे. एकतर्फी हुकूमनामा झाला असेल तर तो रद्द करून घेण्याच्या अर्जाची मुदत ३० दिवस आहे, आणि समन्सची रीतसर बजावणी झालेली नसेल तर हे दिवस माहिती झाल्यापासून मोजले जातात. अशा वेळी बेलिफाचा (समन्स बजावणाऱ्या न्यायालयीन कर्मचाऱ्याचा) अहवाल काढून पाहणे हे पहिले काम. समन्स कोणाच्या हाती दिले, दारावर चिकटवले तर साक्षीदार कोण, हे त्यात असते.

इतके दिवस आम्ही चुकीच्या न्यायालयात लढत होतो. तो काळ धरला जातो का?

कलम १४ मध्ये अधिकारक्षेत्र नसलेल्या न्यायालयात प्रामाणिकपणे आणि तत्परतेने घालवलेला काळ वगळण्याची तरतूद आहे. ती दावे आणि अर्ज यांच्यापुरती आहे. अपिलाला ती थेट लागू नसली, तरी तिच्यामागचे तत्त्व कलम ५ खाली पुरेसे कारण म्हणून मांडता येते. चुकीच्या न्यायालयाने प्रकरण परत केल्यानंतर योग्य न्यायालयात येण्यास आणखी सहा महिने लावले, तर त्या सहा महिन्यांना हा आधार नाही.

सरकारी खात्यांना वेगळी सवलत आहे का?

कायद्यात नाही. फाइल अनेक टेबलांवरून फिरते याची जाणीव ठेवून एकेकाळी न्यायालये सरकारला थोडी मोकळीक देत असत. २०१२ मध्ये टपाल खात्याच्या ४२७ दिवसांच्या विलंबाच्या प्रकरणात, म्हणजे लिव्हिंग मीडियाविरुद्धच्या अपिलात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मुदतीचा कायदा सरकारसह सर्वांना सारखाच बांधतो आणि कार्यपद्धतीतील दिरंगाई हे ठराविक कारण स्वीकारता येणार नाही. २०२० मध्ये मध्य प्रदेश राज्य विरुद्ध भेरूलाल प्रकरणात ६६३ दिवसांच्या विलंबाबद्दल याचिका फेटाळून राज्यावर २५,००० रुपये खर्च बसवला आणि ती रक्कम जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करण्यास सांगितले. तरीही २०२३ मध्ये शिवराज सिंह प्रकरणात ४७९ दिवसांचा सरकारी विलंब माफ करण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश कायम राहिला. ‘स्पष्टीकरण’ आणि ‘सबब’ यांतला फरक त्या निवाड्यात मांडला आहे.

आमची बाजू भक्कम आहे. मग विलंबाकडे कशाला पाहायचे?

कारण विलंबाच्या टप्प्यावर न्यायालयापुढे अपील नसते, अर्ज असतो. प्रकरणात दम आहे एवढ्यावरून माफी मिळत नाही, हे पथपती प्रकरणातही पुन्हा सांगितले गेले. अर्जात दहा पाने मूळ वादाची आणि अर्धे पान विलंबाचे, अशी मांडणी टाळावी.

विलंब माफीचा अर्ज दिला की मूळ हुकूमनाम्याला स्थगिती मिळते का?

नाही. नियम ३-अ च्या तिसऱ्या पोटनियमानुसार, असा अर्ज दिलेला असताना अपील ऐकून घेण्याचे न्यायालय ठरवीपर्यंत हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला स्थगिती देता येत नाही. म्हणजे विलंबाच्या अर्जावर तारखा पडत असताना समोरचा पक्ष दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) लावून ताबा घेऊ शकतो. उशीर झालेल्या पक्षकाराला याची झळ सर्वांत आधी लागते, म्हणून अर्जाची नोटीस तातडीने बजावली जाईल याकडे स्वतः लक्ष द्यावे.

आम्ही जिंकलेला पक्ष आहोत. विलंबाच्या अर्जाला विरोध कसा करायचा?

‘मजकूर खोटा आहे, नाकबूल आहे’ एवढ्यावर थांबू नये. दिवसांची गणना तपासावी, नकलेवरील तारखा पाहाव्यात, सांगितलेल्या कारणाशी विसंगत असा कागद शोधावा, आणि निकालानंतर आपण त्यावर विसंबून काय केले ते पुराव्यासह मांडावे. विलंब अगदी थोडा असेल तर मात्र विरोधात शक्ती घालवण्यापेक्षा खर्च मागणे शहाणपणाचे ठरते. न्यायालये अशा वेळी अर्जदारावर खर्च बसवून विलंब माफ करतात. ठरलेल्या मुदतीत खर्च भरला नाही तर माफीही धोक्यात येते.

सगळ्या कायद्यांना हेच नियम लागू आहेत का?

नाहीत, आणि इथली गफलत सुधारता येत नाही. काही विशेष कायद्यांनी माफीलाच कमाल मर्यादा घातली आहे. लवाद निवाड्याला लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली आव्हान देण्यासाठी तीन महिने आणि पुरेसे कारण असल्यास आणखी ३० दिवस. त्यानंतर कितीही रास्त कारण असो, न्यायालयाला अधिकारच उरत नाही. दिवाळखोरी संहितेखालील अपिलाला ३० दिवस अधिक १५. भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्यात उच्च न्यायालयातील अपिलाला ६० दिवस आणि वर जास्तीत जास्त ६०.

याउलट ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली राज्य आयोगाकडील अपिलाला ४५ दिवस, तर मोटार अपघात दाव्याच्या निवाड्याविरुद्ध उच्च न्यायालयात ९० दिवस आहेत, आणि तिथे पुरेशा कारणाने त्यानंतरही अपील घेता येते. लवादाच्या प्रकरणांतील कलम ३७ खालील अपिलांबाबत महाराष्ट्र शासन विरुद्ध बोर्से ब्रदर्स (२०२१) या निवाड्याने विलंब माफी हा अपवाद राहील, नियम नव्हे, अशी चौकट घातली.

फौजदारी अपिलात काय वेगळे असते?

दोषी ठरलेल्या आरोपीला सत्र न्यायालयात अपिलासाठी ३० दिवस आणि उच्च न्यायालयात ६० दिवस असतात. प्रश्न स्वातंत्र्याचा असल्याने, विशेषतः आरोपी तुरुंगात असताना, न्यायालये विलंबाकडे बरीच सहानुभूतीने पाहतात. बंदी व्यक्तीला तुरुंग अधिकाऱ्यांमार्फत अपील पाठवता येते, आणि विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार कोठडीतील व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे.

कोरोनाच्या काळातील मुदतीचे काय?

सर्वोच्च न्यायालयाच्या १० जानेवारी २०२२ च्या आदेशाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला गेला. त्या दरम्यान मुदत संपणाऱ्यांना १ मार्च २०२२ पासून किमान ९० दिवस मिळाले. जुन्या प्रकरणांची गणना करताना आजही हा आदेश लागतो.

अर्ज फेटाळला गेला तर पुढे काय?

विलंबाचा अर्ज फेटाळून त्यामुळे अपीलही मुदतबाह्य म्हणून फेटाळले, तर तो अपिलातलाच निर्णय ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये श्यामसुंदर शर्मा प्रकरणात म्हटले आहे. त्यामुळे जिल्हा न्यायालयाच्या अशा निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात दुसरे अपील करण्याचा विचार करता येतो, मात्र तिथे कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न दाखवावा लागतो. याउलट विलंब माफ झाला आणि जिंकलेल्या पक्षाला तो आदेश मान्य नसेल, तर त्याला सहसा संविधानाच्या अनुच्छेद २२७ खाली रिट याचिकेने उच्च न्यायालयात जावे लागते. खालच्या न्यायालयाने विवेक वापरून माफी दिली असेल तर वरिष्ठ न्यायालय सहसा ढवळाढवळ करत नाही, असे बालकृष्णन निवाड्यात आहे. नकाराच्या आदेशाकडे मात्र ते नव्या नजरेने पाहू शकते. दोन्ही वेळी आदेशाच्या नकलेचा अर्ज त्याच दिवशी द्यावा, कारण आदेश झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून पुढची मुदत चालू झालेली असते.